घरच्यांचे आभार

कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात विश्वाच्या मितींवर बोलायचं ते अनंतरावांनीच, असा एक नियम होता. तो फक्त अनंतरावांना ठाऊक होता. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ते. लांबी, रुंदी, उंची आणि काळ यांच्यापलीकडे आणखी मिती असतील का, यावर दरवर्षी बोलायचे आणि श्रोते गाढ झोपायचे. यंदा कार्यवाह तनुजाबाईंनी विषय तोच ठेवला, वक्ता बदलला. विमा कचेरीतून निवृत्त झालेले महिपती रणदिवे बोलणार होते.

"मग मी काय करायचं?"

"आपण आभार मानायचे, सर. आपण उठलात की लोकांना कळतं, संपलं."

हेही अनंतरावांनी गिळलं. घशात अडकलं ते वेगळंच. गुडघ्यांचं कारण सांगून त्यांच्या एकाही व्याख्यानाला न आलेली हेमा, त्यांची बायको, आज नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. गुडघ्यांना आज काही तक्रार नसावी.

रणदिवे उभे राहिले. फळ्याकडे पाठ, एक समीकरण नाही, वर चक्क हसत होते.

"जास्तीच्या मिती असतील तर दिसत का नाहीत? साडीच्या निऱ्या बघा. समोरून दिसतात चार बोटं. आत मात्र सगळं कापड घड्या घालून बसलेलं असतं. तशाच काही मिती इतक्या बारीक गुंडाळलेल्या असतील, की त्या आपल्याभोवती असून पत्ता लागत नाही. असतील, म्हणतोय. अजून कुणाला सापडलेल्या नाहीत."

सभागृह जागं होतं. अनंतरावांना हे फार लागलं. शिवाय, हा जन्माचा एकटा राहिलेला माणूस; याला निऱ्यांचं काय कळतं?

"हे उदाहरण माझं नाही बरं का," रणदिवे म्हणाले. "हेमाताईंनी सांगितलं, भाजीच्या गाडीपाशी."

टाळ्या पडल्या. हेमाने मागे वळून नमस्कार केला, तोही सराईतासारखा. रणदिव्यांवर जळणं अनंतरावांना सोपं होतं. बायकोवर जळायची सवय नव्हती, तरी पहिल्या प्रयत्नात जमलं.

आभाराला उठून त्यांनी वक्त्यांचे, कार्यवाहांचे, माईकवाल्याचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि वीज न गेल्याबद्दल वीज मंडळाचेही आभार मानले.

"हेमाताई राहिल्या," तनुजाबाई कुजबुजल्या.

"हेमा घरचीच," अनंतराव माईकमध्ये म्हणाले. "घरच्यांचे आभार मानणं म्हणजे परकेपणा. तेव्हा मी तिच्या ऋणातच राहणं पसंत करतो."

या वाक्यावर पुण्यातले कित्येक नवरे आजवर सुखरूप घरी गेले आहेत.

"माना की," हेमा जागेवरूनच म्हणाली. "मला चालेल परकेपणा."

सभागृहात हशा पिकला. रणदिव्यांनी तत्परतेने माईक अनंतरावांच्या तोंडाजवळ सरकवला. मदतीला धावून यायची या माणसाला फार वाईट खोड होती.

"हेमा यांचे मी आभार मानतो," अनंतराव म्हणाले.

"कशाबद्दल ते राहिलं."

"निऱ्यांबद्दल," ते म्हणाले आणि घाईने खाली बसले.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी अनंतरावांनी विषय काढला.

"त्या रणदिव्याला सांगितलंस. मला का नाही?"

"त्यांनी विचारलं, अहो. तुम्हाला सांगायला आलं, की तुम्हीच सांगायला लागता."

यावर अनंतरावांकडे तीन मुद्दे तयार होते. त्यांनी ते मोठ्या कष्टाने आवरले.

"बरं, सांग. निऱ्यांचं."

हेमा सांगू लागली. पदराचं टोक बोटांत धरून घडीवर घडी घालत, चालता चालता. एका ठिकाणी ती शास्त्रदृष्ट्या साफ चुकली. अनंतरावांनी शेजारच्या बंगल्याच्या फाटकावरची पाटी लक्षपूर्वक वाचली.

"संपलं," ती म्हणाली. "कळलं का?"

"कळलं. रणदिव्याला एवढंच सांगितलं होतंस?"

"एवढंच."

"मग मला आणखी थोडं सांग," अनंतराव म्हणाले.