तिसऱ्यांदा सदरा न उसवणारा शिंपी

या, असे जवळ सरका. एका पोटाची गोष्ट सांगतो. हसलात तरी चालेल, आधी सगळे हसलेच होते.

एक होता बसचालक आणि त्याच्या बायकोचा भाऊ होता शिंपी. दाजींचा कामावरचा सदरा महिन्यात दोनदा उसवून सैल केला होता, आणि आज दाजी तिसऱ्यांदा दुकानात हजर.

"काही नाही रे, बटणं जरा रुसलीत."

"बटणांनी तरी किती सोसायचं, दाजी? आता स्टिअरिंगही तुमच्या पोटाची परवानगी घेऊन वळत असेल."

"तुझी ताई तर रोज माझ्या तोंडाचा वास घेते. जन्मात बाटलीला शिवलो नाही, तरी संशय माझ्यावरच."

शिंप्यानं हसत हसत पोटाभोवती टेप गुंडाळली. तीन आठवड्यांत पाच इंच. मग सवयीनं दंड मापला, आणि त्याचं हसू ओठांवरच थबकलं. दंड बोटभर उतरला होता. तीस वर्षं त्यानं सुटलेली माणसं मापली होती. माणूस सुटतो तो सगळीकडून. हे पोट मात्र एकटंच पुढे निघालं होतं.

त्यानं सदऱ्याची घडी घातली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली.

"हा मी उसवणार नाही. आधी डॉक्टर."

"अरे, उद्या ड्युटी आहे. उघडा जाऊ?"

"जा की, प्रवाशांची करमणूक होईल. नाहीतर चला माझ्याबरोबर."

सदऱ्यापायी दाजी निघाले. सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळी अडकलीय. डेपोत गाड्या येतायत, पण बाहेर पडायचं फाटक बंद. म्हणून यकृत सुजलंय, पोटात पाणी साचलंय. आणखी उशीर केला असता तर यकृतच हातचं गेलं असतं."

दाजी त्याच दिवशी भरती झाले. शिंपी बाकावर बसून देवाचं नाव घेत राहिला. मानेच्या शिरेतून तार घालून डॉक्टरांनी वाट मोकळी केली, आत जाळीची नळी बसवली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लावून दिल्या.

दोन महिन्यांनी दाजी दुकानात आले. अंगात सदरा होता की सदऱ्यात दाजी, कळेना.

"घे आता आत."

"एका मापाचे राहा की हो, दाजी," म्हणत शिंपी सुईत दोरा ओवायला वाकला. तीनदा चुकला.

तर मंडळी, पोटाची थट्टा खुशाल करा. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या शिंप्याची आठवण असू द्या. थट्टेच्या भरातही तो दंड मापायला विसरला नाही.