मठातली धाप

दिवेलागणीला केरी परगण्यातल्या त्या पडक्या मठात निम्मं गाव गुडघे टेकून बसलं होतं. मठाचं छप्पर कधीच गेलेलं. उत्तरेच्या भिंतीखाली नाव नसलेले लहान लहान दगड. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं गावच्या दफनभूमीत घेत नसत, ती इथे पुरत. त्यातला एक दगड गोबनेटच्या लेकीचा.

खऽऽस... खऽऽस... भिंतीवरून आवाज आला. गोबनेटच्या अंगावर काटा आला. लेक अगदी अशीच धापा टाकत गेली होती.

"ऐकलंस?" गावात हाडं बसवणारा, भुतं उतरवणारा टाइगबाबा तिच्या कानाशी कुजबुजला. "मुंडकं नसलेला साधू तिच्या छातीवर बसलाय. रोज ये, अनवाणी, उपाशी. नाहीतर पोटातलंही तो नेईल. आणि दिवा आणायचा नाही. उजेड बघून तो चवताळतो!"

गोबनेटला सातवा महिना. आदल्या संध्याकाळी ती इथेच चक्कर येऊन पडली होती.

"मुंडकंच नाही, मग उजेड बघतो कशानं?"

मागे किनेन मास्तर उभे होते. हातात कंदील, खांद्यावर शिडी. पोरं फिदीफिदी हसली.

"मास्तर, मान मोडेल!"

"मोडली तर तू जोडशील की, टाइग."

मास्तर चढू लागले तशी वरची धाप वाढली. गोबनेटनं डोळे गच्च मिटले. ते उतरले तेव्हा त्यांच्या कोटात काहीतरी वळवळत होतं. गव्हाणी घुबडाचं पिल्लू, अंगभर कापसासारखी पिसं. त्यानं चोच उघडली. खऽऽस...

"भूक लागलीये त्याला. आई अंधार पडताना शिकारीला निघते, तेव्हा ही पिल्लं अशी ओरडतात."

"साधूनंच ते रूप घेतलंय!" टाइगबाबा ओरडला.

मास्तरांनी भिंतीखालची एक काळी गोळी उचलून पोरांसमोर फोडली. "हे घुबडानं ओकलेलं. आत काय आहे, सांगा."

"उंदराचा जबडा!"

"काय रे टाइग, तुझा साधू उंदीर खातो होय? बिनतोंडाचा?"

सगळे हसले. गोबनेट हसली नाही. तिनं पिल्लाच्या छातीवर हात ठेवला.

"मास्तर, मग माझी लेक... गुदमरत नाहीये?"

"नाही, पोरी. तिचा त्रास ती गेली त्याच क्षणी संपला."

गोबनेट मोठ्यानं रडली. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग ते लोकांकडे वळले.

"गेलेल्या लेकरांसाठी रडा, फुलं आणा. पण मेलेल्यांच्या नावानं कुणी जिवंत बाईला उपाशी राहायला सांगितलं, तर आधी शिडी लावा आणि आवाज कुठून येतो ते डोळ्यांनी बघा. चला, हिला घरी नेऊन जेवू घाला."