निळ्या बाटलीने शिकवलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. राखाडी चपटी पेटी, आकडे दाखवणारी बोटभर खिडकी आणि वायरच्या टोकाला काचेची एक नळी. त्या नळीला मी माझी जीभ म्हणतो. ती एखाद्या द्रवात बुडवली की तो आम्ल आहे की आम्लारी, आणि किती, हे मी सांगतो. लिंबाच्या रसाला दोन, शुद्ध पाण्याला सात, साबणाच्या पाण्याला दहा. मला एवढंच येतं. पण या एवढ्याशा विद्येवर एका बाईंचं अख्खं आयुष्य उभं होतं.

आम्हा मीटरांना रोज सकाळी नव्याने शिकवावं लागतं. त्यासाठी तीन बाटल्या असतात. गुलाबी पाणी म्हणजे चार, पिवळं म्हणजे सात, निळं म्हणजे दहा. बाई माझी जीभ एकेका पाण्यात बुडवायच्या, मी ते मनात ठेवायचो आणि दिवसभर त्याच मापाने बोलायचो. शिकवणी संपली की, बाटल्यांमधला फरक माझ्या जिभेला किती नीट कळला, त्याचे गुणही मी सांगायचो, शंभरपैकी. अठ्ठ्याण्णव म्हणजे तरतरीत. नव्वदच्या खाली गेली की म्हातारी झाली, बदलून टाका. हे गुण बाई रोज न चुकता वहीत उतरवायच्या, त्यांचं अक्षर मुंगीएवढं होतं.

बाई रसायनशास्त्रज्ञ होत्या. मी आलो तेव्हा त्या तिशीच्या होत्या. केसांत पेन्सिल खोचायच्या आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधायच्या. त्या रेणूंचे पिंजरे बनवायच्या. रेणूचं एक कडं असं घडवायचं की त्याच्या पोटात धातूचा एकच अणू बरोबर बसेल. पिंजऱ्याची पकड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यात थेंब थेंब आम्लारी टाकायची, प्रत्येक थेंबाला मी आकडा सांगायचा, आणि त्या आकड्यांच्या रेषेवरून पकड काढायची. पंधरा वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. कुठलं कडं कुणाला धरतं, कुणाला सोडतं.

काचसामान धुणारे मामा एकदा म्हणाले, "बाई, रागावू नका, पण या पिंजऱ्यांचा उपयोग काय?"

"सध्या तरी काही नाही, मामा."

"मग बरं आहे. उपयोगाच्या वस्तूमागे लोकांची कटकट फार!"

कटकट आलीच. एक दिवस एमआरआय करणारे डॉक्टर आमच्याकडे आले. शरीराच्या आतलं चित्र उजळ दिसावं म्हणून रोग्याला गॅडोलिनियम नावाचा धातू टोचतात. हा धातू मोकळा असेल तर विष, पिंजऱ्यात असेल तर निरुपद्रवी. काम झालं की मूत्रपिंडं त्याला पिंजऱ्यासकट बाहेर टाकतात. पण ज्यांची मूत्रपिंडं थकलेली असतात त्यांच्या अंगात तो खूप दिवस रेंगाळतो, आणि मग पिंजरा सैल पडण्याची भीती असते. "माझ्याकडे असे रोगी येतात आणि मी त्यांना परत पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्यासाठी न सुटणारा पिंजरा करून द्या."

बाईंनी होकार द्यायला वेळ लावला नाही. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, मूत्रपिंडं थकल्याचं कळलं होतं. ताई शिवणकाम करायच्या. शनिवारी डबा घेऊन यायच्या आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून काजं करायच्या.

"एवढी मोठी खोली," त्या म्हणायच्या, "आणि पिंजरा काही दिसत नाही मला. फसवतेस ना गं सगळ्यांना?"

"दिसण्याएवढा असता तर तुलाच कोंडलं असतं आधी."

"कोंड बाई. निदान आयतं जेवायला तरी मिळेल."

बाईंनी पाच पिंजरे घडवले. चार मोजून झाले. चौथा फार छान होता, पण बाईंना त्याहून छान हवा होता. पाचवा मोजायच्या दिवशी माझी शिकवणी चालू असतानाच फोन आला. बाईंची लेक शाळेच्या घसरगुंडीवरून पडली होती, डोक्याला खोक पडली होती. हातातलं निळ्या बाटलीचं झाकण गडगडत टेबलाखाली गेलं आणि बाई तशाच धावल्या. कुठली आई झाकण शोधत बसेल? संध्याकाळी मामांनी बाटली उघडी पाहिली. झाकण काही सापडेना. मग त्यांनी एक छोटं चंचुपात्र तिच्यावर पालथं घातलं. धूळ जाऊ नये म्हणून, केवढ्या मायेने.

धूळ गेली नाही, पण हवा गेली. मित्रांनो, हवेतला कार्बन डायऑक्साइड निळ्या पाण्यात हळूहळू मुरतो आणि त्याची आम्लारी कमी करतो. बाई पंधरा दिवस लेकीच्या उशाशी होत्या. त्या परतल्या तेव्हा तळाशी उरलेलं निळं पाणी दहाचं राहिलं नव्हतं, साडेनऊच्या आसपास उतरलं होतं. रंग मात्र तसाच. बाईंनी मला सांगितलं, हे दहा. मी मान्य केलं. मला दुसरं काय येतं?

त्या सकाळी माझ्या जिभेला सत्त्याऐंशी गुण मिळाले.

"म्हातारी झाली बिचारी," बाई म्हणाल्या. त्यांनी ती रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्त्याऐंशी. नवी जीभ यायला महिना लागणार होता, आणि डॉक्टर दर दोन दिवसांनी विचारत होते. मग बाईंनी तशीच मोजणी केली. पाचव्या पिंजऱ्याची पकड चौथ्याच्या कितीतरी पट निघाली! त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. येणारच. तिन्ही वेळा मला शिकवणारी बाटली एकच होती. साडेनऊला दहा म्हणणारा मी आकडे फुगवून सांगत होतो, आणि त्यांच्याबरोबर पकडही फुगत होती.

त्या शनिवारी ताईंनी डब्यात दोन गोड वड्या जास्त आणल्या. "माझ्या नावाचा आहे हं हा पिंजरा," त्या म्हणाल्या. आठवड्याने नवी निळी बाटली उघडली, आणि माझ्या जिभेला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. "भिजवल्याचा गुण आला," बाई हसून म्हणाल्या आणि तेही वहीत लिहिलं.

पुढची चौदा वर्षं त्या पाचव्या पिंजऱ्यामागे गेली. उंदरांना टोचला, तर धातू पिंजऱ्यातून सुटून हाडांत सापडला. बाईंना वाटलं, पिंजरा शुद्ध बनला नसेल. पुन्हा बनवला. पुन्हा हाडांत. वाटलं, उंदरांचं काही चुकलं असेल. मग दुसऱ्या जागी तपासून घेतला. तिथेही तेच. सगळ्यांवर शंका घेऊन झाली, आकडा सोडून. तो वहीत तीनदा लिहिलेला होता, आणि तो सगळ्यांना हवा होता. डॉक्टर निवृत्त झाले. जागेसाठी कपाट आवरताना चौथ्या पिंजऱ्याची चिमूटभर उरलेली पूडही टाकून दिली.

निवृत्तीला दोन महिने असताना बाई जुन्या वह्या चाळत होत्या. ताई स्टुलावरच होत्या, पण हातात शिवण नव्हतं. त्यांच्या यकृतात काहीतरी दिसलं होतं, आणि उजळ चित्राशिवाय निदान होत नव्हतं. बाईंचं बोट एका पानावर थांबलं. सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. आणि नवी बाटली उघडली त्याच सकाळी अठ्ठ्याण्णव.

"मामा," बाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "काचेची जीभ म्हातारपणातून परत तरुण होते का हो?"

मामा काचा पुसायचे थांबले. "नाही बाई. तुटते, नाहीतर सुकते."

"मग ती म्हातारी नव्हतीच. ते पाणी बिघडलं होतं."

मामांना सगळं आठवलं. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं. "बाई, ते पात्र मीच पालथं घातलं होतं."

"तुम्ही झाकलंत तरी, मामा. मी तर तसंच टाकून गेले."

त्यांनी तिथेच हिशेब नव्याने मांडला. पाचवा पिंजरा पाचांत तिसरा आला. चौथाच खरा होता. तो पुन्हा घडवायला दीड वर्ष लागलं असतं.

"मला सोप्या भाषेत सांग," ताई म्हणाल्या.

"ताई, मी चुकीच्या पिंजऱ्यामागे गेले. बरोबर होता तो माझ्याच कपाटात होता."

ताईंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "लेकीला टाके किती पडले होते गं?"

"सात."

"मग गेलीस ते बरोबरच गेलीस." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

बाईंनी चूक कळवणारं पत्र लिहिलं. ज्या मासिकात तो आकडा छापला होता, त्याचं उत्तर आलं, दोन शब्दांचं. नोंद घेतली. चौथा पिंजरा घडवायला कुणी पुढे आलं नाही. ताईंचं चित्र धातू न टोचताच काढलं. ते धूसर आलं. गाठ आहे की नुसती सावली, नव्या डॉक्टरांना सांगता आलं नाही. गाठच होती. ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता. बाईंच्या निरोपाच्या दिवशी स्टूल रिकामं होतं. बाईंनी माझी जीभ शेवटची धुऊन ठेवली. बटण बंद करून गेल्या.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझी जीभ सुकली आहे, आता कुणी शिकवलं तरी मला काही यायचं नाही. मित्रांनो, मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो, आणि बाईही कामात हलगर्जी नव्हत्या. तरी असं झालं. म्हणून एवढंच मागतो. आवडला नाही तो आकडा तुम्ही पुन्हा मोजालच. जो ऐकून घरात गोड वाटलं जातं, तोही एकदा नव्या बाटलीने मोजा. त्याने ताई परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मोजा.