खणात पडलेला पायाचा माग

मी एक जुना कॅमेरा आहे. माझे कातडी पाकीट फाटले आहे, बटणही अडकते. फौजदार लालासाहेब कणसे यांनी मला साताऱ्यात पदरच्या पैशांनी घेतले होते. तेव्हा मला मोठा अभिमान वाटला होता. मित्रांनो, तो फार दिवस टिकला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात वडूजकडच्या एका वाडीत नानासो नावाच्या बागायतदाराची कडब्याची गंज पेटली. गंजीमागून विहिरीचा पाट जाई, त्याच्या चिखलात पळणाऱ्याच्या बुटाचा माग उमटला होता. टाचेला नाल, आणि नालाचा एक खिळा गायब. मी तो माग स्वच्छ टिपला.

पण संशय आला शेजारच्या अर्जुना या गरीब शेतकऱ्यावर, कारण बांधावरून त्याचे नानासोंशी भांडण होते. वरिष्ठांकडून रोज विचारणा होई. साहेबांनी त्याला मारून मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायला लावली आणि माझा फोटो खणात टाकला. अर्जुनाची बायको बयाबाई ठाण्यात आली.

"सायेब, माझा मालक जन्मात कवा बूट घालून चालला न्हाई. मग तुमी फोटू काढलाय त्यो माग कुनाचा?"

साहेबांनी तिला हाकलून दिले. मी टेबलावरच होतो. काय उपयोग!

अर्जुनाला चार वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाच्या तापलेल्या फरशीवरून तो अनवाणी गाडीकडे गेला. ते पाहिल्यावर साहेबांनी खणातला फोटो बाहेर काढला. चुकीचा माणूस धरला, असे त्यांनी वर लिहून कळवले. उत्तर आले, 'मिटलेले प्रकरण उकरू नका.' तीनदा लिहिले, तीनदा बदली झाली. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि सांगलीत खोली घेऊन 'खासगी तपास' अशी पाटी लावली.

तिथे माझे हाल विचारू नका. नवरदेव दारू पितो का, कोणाची सून कुठे जाते, असले फोटो मला काढावे लागत. जुने सहकारी म्हणत, "कणसे आता लोकांच्या खिडक्यांत डोकावतो." मलाही लाज वाटे. पण सवड मिळाली की साहेब तो माग घेऊन गावोगाव फिरत. औंधच्या बाजारात कोंडीबा चांभाराने फोटो पाहिला.

"ह्यो नाल म्याच ठोकलाय. नानासोच्या पुतण्याचा बूट हाय ह्यो. वाटणीवरनं चुलत्याशी वाकडं हाय त्याचं."

साहेब त्याला घेऊन ठाण्यात धावले. नवे फौजदार हसले. "कबुली तुम्हीच घेतली ना? मग तेव्हा खोटे बोलत होता की आता?"

साहेब मान खाली घालून परतले. शहात्तर साली अर्जुना शिक्षा भोगून सुटला. साहेब फोटो घेऊन त्याच्या घरी गेले. अर्जुनाने तो हातात घेतला.

"चार वर्सं कुठं हुता ह्यो, सायेब?"

साहेबांनी हात जोडून माफी मागितली. बयाबाई म्हणाली, "आमाला माफी नगं. कोर्टात हुबं ऱ्हावा, आन् म्या मारलं म्हनून सांगा."

अर्जुनाने उशिरा अपील केले, त्यात साहेबांनी तसे शपथेवर सांगितले. वर्तमानपत्रात छापून आले. गिऱ्हाईक तुटले, शेजारी बोलेनासे झाले. दोन वर्षांनी अर्जुना निर्दोष ठरला. पुतण्या तोवर गाव सोडून गेला होता, तो सापडलाच नाही. निकालानंतर अर्जुना साहेबांकडे पाठ करून एसटीत बसला.

मित्रांनो, एखादा गरीब माणूस 'मी केलं नाही' म्हणाला, तर त्याचे शेवटपर्यंत ऐका. मला नुसता डोळा होता, तोंड नव्हते. तुम्हाला दोन्ही आहेत.