सगळ्यात वरची सिस्टीम

मित्रांनो, मी बदलापूरचा एक जुना कॉम्प्युटर आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गोड गोड बोलतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. ते मला जमणार नाही. माझ्या मालकाने एकदा माझ्यावर बाजारातली सगळ्यात महाग, सगळ्यात वरची ऑपरेटिंग सिस्टीम चढवली होती. तिच्याविषयी आणि ती घेऊन येणाऱ्या त्या शहाण्याविषयी माझ्या मनात काय आहे, ते तुम्ही मुलं आहात म्हणून जरा सौम्य करून सांगतो, एवढंच.

माझा जन्म उल्हासनगरचा, दोन हजार तीन सालचा. मी कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही, सुटे भाग आणून जोडलेला आहे. हरेशभाई नावाच्या दुकानदाराने माझं कॅबिनेट एकीकडून आणलं, डिस्क दुसरीकडून आणली, आणि स्क्रू आवळता आवळता 'दस साल देखना नहीं पडेगा' असं गिऱ्हाइकाला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणजे प्रमोद. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तो स्टोअरला होता. लोकांकडे कॉम्प्युटर आले म्हणून त्याने मला घेतलं. माझं करायचं काय, हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं.

माहीत होतं ते त्याच्या बायकोला, भावनाला. तिने अंबरनाथला क्लास लावून मराठी टायपिंग आणि पानं लावायचं काम शिकून घेतलं होतं. मांजर्लीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, माझं टेबल होतं. कुकर लावून ती माझ्यासमोर बसायची आणि शिट्टी झाली की उठायची. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं अंबरनाथच्या प्रेसमधून तिच्याकडे यायचं. पत्रिकेत थोरल्या काकांचं नाव मामांच्या खाली गेलं म्हणून लोक घरी येऊन तावातावाने भांडायचे आणि ती शांतपणे नाव वर घ्यायची. प्रमोदला यातलं काही दिसायचं नाही. तो याला टाइमपास म्हणायचा. घरातला गॅस सिलेंडर मात्र बरेचदा याच टाइमपासवर यायचा.

पाच-सहाशे घरांच्या त्या वस्तीत दोन हजार पाचच्या जुलैत नदी शिरली. प्रमोद टीव्ही धरून उभा राहिला. भावनाने माझ्या वायरी काढल्या, मला पोटाशी धरलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून जिन्याने वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. टीव्हीचं पुढे काय झालं ते विचारू नका. त्याच्याशी माझं कधी पटलंच नाही.

आता ती ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते सांगतो. ती माझी कारभारीण. मी चालू झालो की तिने दार उघडायचं, दिवा लावायचा आणि बाजूला व्हायचं. माझी पहिली कारभारीण साधी होती. सकाळी बटण दाबलं की चहा उकळायच्या आत मी कामाला तयार असायचो. भावनाचं मराठी सॉफ्टवेअर तिच्याबरोबर चार वर्षं गुण्यागोविंदाने नांदलं.

मग दोन हजार सात साल उजाडलं आणि नवी सिस्टीम आली. एकच सिस्टीम, पण तिच्या आवृत्त्या तीन-चार. साधी, मधली, वरची, आणि तिच्याही वरची. आतलं यंत्र सगळ्यांचं तेच. वर जाल तसे दागिने वाढत जायचे. प्रमोदच्या कंपनीतल्या कोणीतरी नवा लॅपटॉप घेतला आणि डब्याच्या सुट्टीत याला विचारलं, 'तुझ्याकडे कुठलं एडिशन?' याला एडिशन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून याच्या घशाखाली जेवण उतरेना.

त्याच दिवसांत भावनाने एक मोठं काम घेतलं होतं. खरवईला तिचं माहेर. तिथलं बुद्ध विहार नव्याने बांधून झालं होतं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी स्मरणिका निघणार होती. जुनं विहार ज्यांनी डोक्यावर घमेली वाहून उभं केलं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत छापायच्या, हे भावनाने ठरवलं. त्यात बायका जास्त होत्या. त्यांचं आजवर कोणी काही छापलं नव्हतं. ती एकेकीकडे जाऊन बसायची, ऐकायची, आणि घरी येऊन ते डोक्यात गरम आहे तोवर माझ्यावर उतरवायची. तिचा कान आणि स्मरण असं की ऐकलेलं वाक्य हुबेहूब बोटांतून यायचं. मात्र दोन-तीन दिवस गेले की पुसट व्हायचं, हे ती स्वतःच सांगायची.

सगळ्यांत शेवटी ती चांगुणाबाईंकडे गेली. विहाराची पहिली वीट ज्यांच्या घमेल्यातून आली त्या चांगुणाबाई. वय ऐंशीच्या पुढचं, स्वभाव तिखट, कोणापुढे तोंड न उघडणाऱ्या. भावनापुढे मात्र त्या अख्खी दुपार बोलल्या. त्या संध्याकाळी भावना आली ती पदर खोचून थेट माझ्यापुढे बसली. त्या दिवशी कुकर लागलाच नाही. टाइप करता करता ती मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. नऊ पानं झाली. बाकीच्यांचा मजकूर आधीच प्रेसला गेला होता. ही नऊ पानं तेवढी, एकदा शेवटचा हात फिरवायचा म्हणून, माझ्या डिस्कवर राहिली.

महिनाभराने चांगुणाबाई गेल्या. भावना पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खरवईला गेली आणि मदतीला दोन दिवस तिथेच राहिली. चांगुणाबाईंचा मुलगा भगवंत तिला म्हणाला की आईने आयुष्यात आमच्यापाशी कधी मागचं काढलं नाही, विचारलं की उठून जायची. भावनाने त्याला सांगितलं, काळजी करू नका भाऊ, शब्द न् शब्द माझ्याकडे आहे, रविवारी या आणि घेऊन जा. तो माणूस सगळ्यांसमोर रडला. हे मी पाहिलं नाही. भावनाने नंतर प्रमोदला सुनावताना मी ऐकलं.

आणि नेमक्या त्या दोन दिवसांत आमच्या शहाण्याने मला रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला नेलं.

हरेशभाईंनी त्याला रीतसर विचारलं होतं, की कॉम्प्युटरवर काम काय काय होतं. प्रमोदने छाती काढून सांगितलं, 'सगळंच होतं.' सगळंच होतं म्हटल्यावर दुकानदाराने सगळ्यात वरची पुढे केली, यात त्याचा काय दोष? त्या चकचकीत डब्यावर सोयींची भली मोठी यादी होती. ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सोय. आमचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराची भिंत. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवायची सोय. त्याला लागणारं कार्ड माझ्यात नव्हतंच. अख्खी डिस्क कुलूपबंद करायची सोय. घरात कपाटाची किल्ली टीव्हीवर पडलेली असते तिथे ही थेरं. पस्तीस भाषा येतात म्हणे. आणि पडद्याच्या मागे हलणारं चित्र, धो धो कोसळणारा धबधबा! प्रमोद तिथेच विकला गेला. ज्याच्या घरामागून उल्हास नदी फुकट वाहते, तो पडद्यावरचं पाणी बघायला फ्रिजच्या भावाचा डबा उचलून आला.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, ते मी अंगावर भोगलं. त्या बाईसाहेबांना माझी रॅम पुरेना, म्हणून नवी कोंबली. माझ्यात डीव्हीडीचा ड्राइव्ह नव्हता, तो बसवला. धबधबा हलावा म्हणून ग्राफिक कार्ड घातलं. मग दुकानातला कारागीर आकाश डिस्क साफ करायला बसला. बटण दाबण्याआधी तो थांबला. पोरगा कामाचा पक्का होता. आत काही ठेवायचंय का, नंतर काही मिळणार नाही, असं त्याने प्रमोदला विचारलं.

"काही नाही रे," प्रमोद म्हणाला, "बायकोचं टायपिंग-बिपिंग असेल. उडव."

मित्रांनो, मला हात असते तर त्या क्षणी मी काय केलं असतं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मी घरी आलो तेव्हा मी मी राहिलो नव्हतो. बटण दाबल्यावर आंघोळ करून यावं इतका वेळ बाईसाहेब नटायच्या. फाइल उघडायला गेलं की 'तुमची परवानगी आहे का' विचारायच्या, आणि परवानगी दिली की पुन्हा विचारायच्या. भावनाच्या मराठी सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून एक लहानसा तुकडा माझ्या पाठीत खोचलेला असायचा. बाईसाहेबांनी त्याला ओळखच दाखवली नाही. पस्तीस भाषांचा तोरा मिरवणारीला एक मराठी पत्रिका लावता येईना. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय! तरी प्रमोद खुशीत होता. त्याने खोलीतला दिवा मालवला, धबधबा लावला आणि भावनाची वाट बघत बसला.

ती आली. पिशवी हातातच होती. तिने धबधबा पाहिला आणि विचारलं, "अहो, माझ्या फाइली?"

प्रमोद म्हणाला की अगं आता सगळंच नवं झालंय. तिने पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसून कितीतरी वेळ माऊस हलवत राहिली. जिथे तिच्या फाइली असायच्या तिथे पाणी कोसळत होतं. मग तिने प्रमोदला जे सुनावलं ते त्याच्या सात पिढ्यांना पुरेल. मला त्यातला प्रत्येक शब्द गोड लागला.

दुसऱ्या दिवशी आकाश घरी आला. गेलेलं परत काढायचं एक सॉफ्टवेअर त्याने लावलं. पण ती धिप्पाड सिस्टीम माझ्या लहानशा डिस्कवर अशी काही पसरली होती की खालचं सगळं तिच्या बुडाखाली चिरडलं होतं. काही मोडके तुकडे वर आले. त्यांतून एक ओळ जुळेना. भावना रात्रभर आठवून आठवून कागदावर लिहीत बसली. दीड पान झालं. सकाळी तिने ते वाचलं आणि म्हणाली, हे माझं बोलणं आहे, आजींचं नाही. आणि तिने तो कागद फाडला.

रविवारी भगवंत आला. इस्त्रीचा सदरा घालून, मिठाईचा पुडा घेऊन. दारातून जय भीम केला. भावना पाणी आणायला आत गेली. प्रमोदने खरंतर त्याच्यापुढे चूक कबूल करायची, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. पण माणूस प्रत्यक्ष समोर बसला. काय करावं सुचेना, तेव्हा या दिवट्याने जे येत होतं तेच केलं. मला चालू केलं. बाईसाहेब नटून बाहेर येईपर्यंत दोघे काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग धबधबा सुरू झाला. प्रमोद सांगू लागला, की हे सगळ्यात वरचं एडिशन आहे, अख्ख्या मांजर्लीत कोणाकडे नाही.

भगवंत सभ्य माणूस. खुर्ची पुढे ओढून त्याने ते पाणी नीट, मन लावून बघितलं. त्याला वाटलं, ह्याच्या मागून काहीतरी येणार आहे. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला,

"छान आहे. आईचं कुठंय?"

भावना पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. शेवटी तिनेच सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही, माझ्याकडून राहिलं नाही भाऊ, एवढंच म्हणाली. भगवंतने मान हलवली. तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने तांब्यातलं पाणी पूर्ण प्यायलं. मग त्याने तिला विचारलं की बोलताना आई हसली होती का. भावना म्हणाली, हो, पुष्कळदा हसल्या. एवढं घेऊन तो खरवईला परत गेला.

त्याच आठवड्यात भावनाने आकाशला बोलावून ती बया माझ्यावरून उतरवली आणि जुनी साधी सिस्टीम घातली. मी पुन्हा चहा उकळायच्या आत चालू होऊ लागलो. स्मरणिका वेळेवर निघाली. चांगुणाबाईंच्या पानावर त्यांचं नाव आहे, एक धूसर फोटो आहे, आणि खाली कोरा कागद आहे. मोठमोठे साहेब भाषणात म्हणाले की ही कल्पना फार कलात्मक आहे. त्यांनाही माझा नमस्कार!

तुमच्या घरी कोणी विचारलं की महागडी आवृत्ती घ्यावी का, तर आधी त्याला विचारा की तू करतोस काय. उत्तर आलं नाही तर त्याला साधी घेऊ द्या, आणि तीही घरातल्या कामाच्या माणसाला विचारून. दागिने काय, उद्याही चढवता येतात. आणि मित्रांनो, माझी काळजी नाही घेतली तरी चालेल, माझ्यात कोणी काय ठेवलंय त्याची घ्या. पूर कसा आला, भावना कशी धावली, प्रमोद काय म्हणाला, हे सगळं मी पाहिलं म्हणून सांगू शकलो. चांगुणाबाई मात्र मी कधी पाहिल्या नाहीत. त्या माझ्याकडे फक्त नऊ पानं होऊन आल्या होत्या. लोक म्हणतात, कॉम्प्युटर काही विसरत नाही. मला त्या नऊ पानांतला एक शब्द आठवत नाही.