तेरा जणांचा स्वयंपाक

पोस्टकार्ड आलं त्या दिवसापासून मानसिंग मास्तरांनी रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली. सन सेहेचाळीस. धान्य रेशनवर, आणि एकट्या माणसाच्या कार्डावर मिळून मिळणार किती? त्यातून तेरा जणांचं जेवण काढायचं म्हणजे तीन आठवडे पोटाला चिमटा घेणं आलं. मास्तरांनी तो हसत घेतला. चहा तर बिनसाखरेचाच सुरू केला, कारण पोरांना शिरा घालायचा होता.

पोरं म्हणजे आता काही पोरं राहिली नव्हती. मास्तर पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, मग वीस वर्षं सांगलीच्या एका शाळेत इतिहास आणि कवायत शिकवत होते. दर हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन एखादा किल्ला पायी गाठायचा, ही पद्धत त्यांनीच पाडली. निवृत्त होऊन ते बायकोच्या माहेरगावी, साताऱ्याला, येऊन राहिले. जुन्या विद्यार्थ्यांनी सहली चालू ठेवल्या. त्यांचा म्होरक्या इस्लामपूरकडचा बाळासो. घरी ऊस, पदरात दोन लेकरं, पण थंडी पडली की याचे पाय शिवशिवायचे. त्यानंच लिहिलं होतं : ‘तेरा जण येतो. किल्ला चढू. मग तुम्ही गाव दाखवा.’

बायकोला, बनुबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या गेल्यापासून मास्तरांच्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. एकट्यानं जेवणं काय असतं ते एकट्यानं जेवणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याच चावण्याचा आवाज ऐकत बसायचं. आमटीत मीठ कमी पडलं तर रागवायचं कुणावर? खरं सांगायचं तर मास्तरांना किल्ला दाखवायचा नव्हता की राजवाडा दाखवायचा नव्हता. तेरा माणसं आपल्या घरात पंगतीला बसलेली त्यांना बघायची होती. बाकी सगळं निमित्त.

सहलीच्या दिवशी उजाडायच्या आत शेजारच्या रंगुबाई भाकऱ्या थापायला बसल्या.

“आवं मास्तर, लगीन हाय का काय घरात?”

“लग्नापेक्षा मोठं हाय,” मास्तर म्हणाले आणि शिरा परतू लागले. आमटी झाली, वांग्याचं भरीत झालं. तीन घरांतून ताटं मागून आणली होती. घोंगड्या अंथरून, ताटं मांडून, सगळं झाकून ते किल्ल्याच्या पायथ्याशी हजर झाले, तेव्हा पोरं नुकतीच देवळातल्या मुक्कामावरून येत होती. प्रत्येकाच्या खांद्याला शिदोरीची पिशवी होती. मास्तरांनी ती पाहिली. पण सहलीला पिशवी असायचीच, म्हणून त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

अजिंक्यतारा चढताना त्यांचे गुडघे बोलायला लागले. मास्तर त्यांचं ऐकणार थोडेच! मंगळाईच्या देवळापाशी त्यांनी वेढ्याची हकिकत सांगितली, तळी दाखवली, दुर्बिणीशिवाय दिसणारे सगळे डोंगर नावानिशी मोजले. मंडळात नव्यानं आलेली, मास्तरांना प्रथमच भेटणारी पोरं तोंडाकडे बघत राहिली. त्यातला जोतीराम म्हणून एक होता, तो तर मास्तर पाणी प्यायला थांबले तरी सावधान उभा. बाळासोनं मास्तरांच्या इतक्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या की किल्ल्याआधी मास्तरांनाच बघायला आल्यासारखी ती पोरं वागत होती.

खाली उतरल्यावर गाव दाखवायला घेतलं. चार भिंतींचं स्मारक झालं, राजवाडा झाला, आणि मग मास्तरांनी पेठांमधून अशा काही वाटा धरल्या की अस्सल सातारकरही चक्रावला असता. एका बोळात ऐतिहासिक असं काहीच नव्हतं. तिथं त्यांनी एका सरदाराचा घोडा बुजल्याची गोष्ट ठोकून दिली. सूर्य डोक्यावर यायला आणि सगळे त्यांच्या दाराशी पोचायला एकच गाठ पडली. मोहीम फत्ते झाली असं मास्तरांना वाटलं.

“हे आमचं घर,” ते म्हणाले. “चला आत. पाय धुवा. पानं मांडल्यात.”

कुणीच पुढं सरकलं नाही. बाळासो एकदम खदखदून हसला.

“बगा रं पोरांनो, मी सांगत हुतो का न्हाई? मास्तर, आमी न्हाई फसायचो!”

मास्तरांना क्षणभर कळेचना. मग कळलं.

नियम त्यांचाच होता. सहलीत कुणाच्या घरी जेवायचं नाही. वाडीतल्या माणसाकडं उद्याची भाकरी असेल नसेल, तो नाही म्हणत नाही म्हणून आपण त्याच्या ताटावर बसायचं नाही. आपली शिदोरी आपण खायची, दुसऱ्याच्या शिदोरीलाही हात नाही. आणि नुसता नियम करून भागतंय का? एकदा एका वाडीत त्यांनीच पाटलाला सांगून पोरांना जेवणाचं बोलावणं धाडलं होतं. जे चार जण उठले, त्यांच्या पाठीवर सगळ्यांची बोचकी देऊन गड चढवला. त्या चारांत बाळासो होता.

“परीक्षा न्हाई रं,” मास्तर म्हणाले. “खरंच स्वयंपाक केलाय. शिरा हाय.”

“तवाबी पाटील शिराच म्हणला हुता!” बाळासो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. “मास्तर, रेशनचं दिवस. तुमच्या तोंडचा घास आमी खाऊ व्हय?”

“मी सांगतोय ना. नियम माझा, मीच मोडतो.”

“लय पक्कं हायसा तुमी,” बाळासो कौतुकानं म्हणाला.

आता एकच मार्ग होता. पोरांनो, मला एकट्याला जेवण जात नाही, तुम्ही बसलात तर दोन घास खाईन, एवढं म्हणायचं. शब्द ओठापर्यंत आले. पण समोर जोतीराम छाती काढून उभा होता, आणि आपण चुकलो नाही ना म्हणून मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता. त्या नजरेपुढं मास्तरांना आपलं रडगाणं गाता येईना. वीस वर्षं ताठ उभं राहून कमावलेला मान एका शिऱ्यापायी कसा घालवायचा?

“पास,” ते म्हणाले. “सगळे पास.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. बाळासोनं पाया पडून म्हटलं, “राजवाड्याजवळच्या तळ्याकाठी बसतो. तुमीबी तुमची शिदोरी घिऊन या की.”

मास्तर आत गेले. झाकलेली तेरा ताटं होती, त्यांच्याकडे न बघता त्यांनी दुरडीतल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या. तळ्याकाठी पोरांच्या घोळक्यात बसून त्या खाल्ल्या. गप्पा झाल्या, थट्टा झाली. मास्तर हसायच्या जागी हसले. एवढ्या माणसांत बसून त्यांना जितकं एकटं वाटलं, तितकं घरीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

चारच्या मोटारीनं मंडळी निघाली. कोळशाच्या गॅसवरची मोटार, निघायच्या आधी तिनं गावभर धूर केला. बाळासो खिडकीतून ओरडला, “मास्तर, सातारा बगून झाला! म्होरच्या साली पन्हाळा!”

एकदा पाहिलेल्या ठिकाणी मंडळ पुन्हा जात नसे. तीही पद्धत मास्तरांचीच. मोटार हलली तसे ते चार पावलं तिच्याबरोबर धावले, आणि गुडघ्यांची, अब्रूची, कशाचीच पर्वा न करता ओरडले, “बाळासो, खरंच जेवण केलं हुतं रं! सगळ्यांचं केलं हुतं!”

मोटारीतून हशा उठला. तेरा हात बाहेर आले, जोतीरामचा सगळ्यात लांब.

“पास!” पोरं ओरडली. “मास्तर, आमी पास!”

मोटार वळणाआड गेली तरी मास्तर हात वर करून उभे होते. मग ते घरी जायला निघाले. रंगुबाई दारातच असणार, आणि पोरं पोटभर जेवली का म्हणून विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं.