अप्पांच्या ताटासमोरचा टॅब

ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात महेंद्रने आणली नाही अशी वस्तू बाजारात उरली नव्हती. आवाजाने लागणारा दिवा होता, पण तो त्याच्या आईचं, हौसाबाईंचं, काही केल्या ऐकत नसे. आपला आपण फिरणारा झाडू होता. तो पलंगाखाली अडकला की हौसाबाई खऱ्या झाडूने त्याला बाहेर ओढत आणि म्हणत, "आता झाडूलाही झाडायचं!" महेंद्र हसायचा आणि पुढच्या वस्तूचा व्हिडिओ लावायचा. कुठल्याही अडचणीवर कुणीतरी काहीतरी बनवलेलं असतंच, नुसतं शोधायला हवं, यावर त्याचा देवावर नसेल एवढा विश्वास.

एक अडचण मात्र दाद देत नव्हती. त्याचे वडील, दौलतराव, म्हणजे घरातले अप्पा. त्यांचे कान कारखान्यातल्या धडधडीत गेलेले. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलेलं. बाकीची दोघं हसली की अप्पा त्यांचे चेहरे बघून मागाहून हसत. ते उशिराचं हसू महेंद्रला बघवत नसे.

एका रविवारी त्याने टॅबवर एक ॲप टाकलं. आपण बोलायचं आणि ते मराठीत लिहून दाखवणार. जेवताना टॅब अप्पांच्या ताटासमोर, तांब्याला टेकवून उभा केला आणि त्याने आपल्या साहेबाची एक फजिती सांगितली. अक्षरं भराभर उमटू लागली. अप्पा चष्मा सावरून वाचत राहिले आणि या खेपेला हौसाबाईंच्याही आधी हसले. महेंद्रचा आनंद पोटात मावेना. त्या भरात टॅब तसाच चालू राहिला.

आता हौसाबाईंची एक सवय होती. नवऱ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्या वाढता वाढता, त्याच्या तोंडावरच, मनातलं सगळं बोलून मोकळ्या होत. पंखा फिरावा तसं ते चालू असे, महेंद्रचंही तिकडे लक्ष नसे. त्या दिवशीही भात वाढताना त्या म्हणाल्या, "गरम पाहिजे, ताजं पाहिजे. आयुष्य गेलं, पण तू जेवलीस का, असं एकदा विचारलं नाही या माणसाने."

टॅबने ते जसंच्या तसं लिहिलं.

अप्पांचा घास हातातच राहिला. हौसाबाईंची नजर टॅबवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. पातेलं घेऊन त्या आत गेल्या.

त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. मुकाट्याने वाढायचं आणि आत जायचं. महेंद्र स्वतःवरच चरफडला. वडिलांना बोलणं कळावं म्हणून एवढा खटाटोप केला आणि आईचं बोलणंच बंद पाडलं!

"काढून टाकतो ते ॲप, आई," तो स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला.

"नको रे," भांडी विसळत त्या म्हणाल्या. "हसले ना ते त्या दिवशी? राहू दे. मी नाही बोलले तर कुणाचं काय अडतंय?"

महेंद्रला फार वाईट वाटलं. यावर कुठला व्हिडिओ नव्हता.

पुढच्या रविवारी हौसाबाई आमटी वाढून वळल्या, तोच अप्पांनी हाक मारली. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नसे. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल.

"अगं, तू जेवलीस का?"

हौसाबाई दारातच थांबल्या. "हळू बोला, बिल्डिंग ऐकेल," त्या सवयीने म्हणाल्या.

अप्पांनी ते टॅबवर वाचलं. "ऐकू दे," ते तेवढ्याच मोठ्याने म्हणाले आणि आपलं भरलेलं ताट बाजूला सरकवून ठेवलं. "बस आधी. मी थांबलोय."

हौसाबाई बसल्या. पदराने डोळे पुसले आणि टॅब जवळ ओढला.

"नाही जेवले," त्या टॅबच्या अगदी जवळ जाऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "आणि आमटी खारट झालीय, आधीच सांगते."

टॅबचा चार्जर आणायला उठलेला महेंद्र तसाच वळला आणि आईचं ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेला. त्यानेही तिला आजवर कधी विचारलं नव्हतं.